जुन्या जीपची विजेची भूक

पावसाळ्याची रात्र. लोणावळ्याहून राजमाचीकडे जाणारा कच्चा रस्ता. ओढ्याला पाणी किती आहे ते पाहायला एकजण खाली उतरलाय आणि जीप न्यूट्रलमध्ये गुरगुरत उभी आहे. हेडलाइटचा उजेड पिवळट पडलाय, वायपर रेंगाळत काचेवरून सरकतायत, हॉर्नचा आवाज बसलाय. चालकाने ॲक्सिलरेटरवर पाय ठेवला की सगळं ताळ्यावर येतं; पाय काढला की पुन्हा तेच.

जुनी महिंद्रा जीप किंवा मारुती जिप्सी बाळगणाऱ्यांना हे चांगलंच ओळखीचं आहे. यावर पहिला उपाय ठरलेला असतो: नवी बॅटरी. काही महिन्यांनी तीही धाप टाकते. मग गॅरेजमध्ये कुणीतरी सल्ला देतो, ‘अल्टरनेटर मोठा टाका.’ तोही टाकला जातो, दुप्पट आकड्याचा. आणि एवढं करूनही ओढ्याकाठी उभ्या गाडीचे दिवे मंदच!

पैसे गेले, वीज आली नाही. ती अडली कुठे हे समजायला विजेचा अभ्यास असण्याची गरज नाही. पण इंजिनापासून दिव्यापर्यंतची सगळी साखळी एकदा डोळ्यांखालून घालावी लागते.

टाकी आणि पंप

गच्चीवरची पाण्याची टाकी आणि ती भरणारा पंप डोळ्यांसमोर आणा. गाडीत बॅटरी ही टाकी आणि अल्टरनेटर हा पंप. व्होल्ट म्हणजे पाण्याचा दाब, अँपिअर म्हणजे दर सेकंदाला किती पाणी वाहतंय ते. दोन्हींचा गुणाकार म्हणजे वॅट, म्हणजे प्रत्यक्ष काम करायची ताकद.

इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन सुरू झालं, अल्टरनेटर नीट चालू लागला की हाच आकडा १३.८ ते १४.४ पर्यंत चढतो. तेव्हा दिवे, वायपर, पंखा हे सगळं अल्टरनेटर चालवतो आणि उरलेली वीज बॅटरीत भरतो. बॅटरीचं खरं काम स्टार्टर फिरवण्याचं. इंजिन चालू असताना बॅटरी खर्ची पडत असेल, तर पंप नळांना पुरा पडत नाही असा त्याचा अर्थ.

अशा वेळी व्होल्टेज १४ वरून घसरत साडेबारापर्यंत येतं. दीड व्होल्टने असा काय फरक पडतो, असं वाटेल. हॅलोजन बल्बला पडतो. व्होल्टेज १० टक्के उतरलं की त्याचा उजेड सुमारे ३० टक्के उतरतो, कारण तापलेल्या तारेचं तापमान जरा खाली आलं तरी तिचा प्रकाश फार झपाट्याने कमी होतो. ओढ्याकाठी पिवळट दिसणारे दिवे म्हणजे तुमच्याकडे असलेला सर्वांत स्वस्त व्होल्टमीटरच म्हणायचा.

इथेच एक जुना गैरसमजही निकालात काढू. ‘मोठा अल्टरनेटर लावला की बॅटरी उकळते,’ असं सर्रास ऐकू येतं. टाकीला बॉल व्हॉल्व्ह असतो तसा अल्टरनेटरला रेग्युलेटर असतो. तो दाब ठरावीक पातळीवर धरून ठेवतो आणि बॅटरी तेवढ्या दाबाला तिला हवी तेवढीच वीज घेते. ९० अँपिअरचा अल्टरनेटर २० अँपिअरची मागणी असेल तर २०च देतो. बॅटरी उकळते ती रेग्युलेटर बिघडून व्होल्टेज १५ च्या वर गेलं की. आणि ते छोट्या अल्टरनेटरनेही होतं.

डायनमो गेला, अल्टरनेटर आला

तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक हलवला की तारेत वीज वाहते, हे मायकेल फॅरडेने १८३१ साली दाखवून दिलं. चुंबक जागेवर ठेवून वेटोळं फिरवा किंवा वेटोळं जागेवर ठेवून चुंबक फिरवा, वीज मिळतेच. डायनमो पहिल्या जातीचा आणि अल्टरनेटर दुसऱ्या. या एका उलटापालटीतून पुढचे सगळे फरक निघतात.

डायनमोत वेटोळं फिरतं, म्हणजे तयार झालेली सगळी वीज फिरत्या भागातून बाहेर काढावी लागते. त्यासाठी आसावर तांब्याच्या पट्ट्यांचं कडं असतं आणि त्यावर कार्बनचे ब्रश घासत राहतात. वीस-पंचवीस अँपिअर या घासणाऱ्या जागेतून जाताना ठिणग्या उडतात, कार्बन झिजतात, आणि फार वेगात फिरवलं तर फिरती गुंडाळीच उसवते. म्हणून डायनमोला मोठी पुली लावून त्याचा वेग बेताचा ठेवत. परिणाम असा की इंजिन संथ चालू असताना डायनमो जवळपास काहीच देत नसे.

अल्टरनेटरमध्ये जड गुंडाळ्या बाहेरच्या कवचाला पक्क्या बसवलेल्या असतात. मध्ये फिरतो तो विद्युतचुंबक, म्हणजे रोटर. त्याला जागं ठेवायला तीन ते पाच अँपिअर पुरतात, आणि ब्रशमधून जातात ते एवढेच. खरी मोठी वीज स्थिर भागातून, कुठेही न घासता, जाड तारेने बाहेर येते. त्यामुळे अल्टरनेटर कितीतरी जास्त वेगात फिरवता येतो आणि संथ इंजिनावरही थोडीफार वीज देतो.

अडचण एकच होती. अशी मिळणारी वीज उलटसुलट वाहणारी, म्हणजे एसी असते आणि बॅटरीला हवी एकाच दिशेची, डीसी. हे वळण लावतात डायोड, विजेला एकाच दिशेने जाऊ देणारे छोटे भाग. साधारणपणे सहा डायोड एका पत्र्यावर बसवलेले असतात. गॅरेजवाले त्याला ‘डायोड प्लेट’ म्हणतात. सिलिकॉनचे मजबूत आणि परवडणारे डायोड १९५० च्या दशकाच्या अखेरीस मिळू लागले आणि अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने १९६० च्या व्हॅलियंट मोटारीला अल्टरनेटर बसवला. त्यानंतर काही वर्षांत जगभरात डायनमो मागे पडला. आपल्याकडे तो बराच काळ टिकून होता.

मुंबईत महिंद्रांनी विलिस जीप जोडायला सुरुवात केली ती १९४० च्या दशकाच्या अखेरीस. महायुद्धातल्या विलिस जीपची वीज तर अवघी ६ व्होल्टची होती. दोन हेडलाइट, मागचे दिवे, हॉर्न, इग्निशन, एवढाच तिचा विजेचा संसार. पुढे इगतपुरीला तयार होणाऱ्या प्यूजोच्या २.१ लिटर डिझेल इंजिनाची एमएम ५४० आली, १९८५ साली जिप्सी आली, वीज १२ व्होल्टची झाली. तरी कंपनीने बसवलेला अल्टरनेटर त्या काळच्या गरजेपुरताच होता. फ्रीज, विंच, छतावरचे दिवे आणि चार मोबाइल हा वाढीव संसार आपण नंतर थाटला.

पाटीवरचा आकडा, घाटातला आकडा

रेग्युलेटर काम करतो तो रोटरच्या चुंबकावर. मागणी वाढली की तो चुंबकाला जास्त वीज देतो, चुंबक जोमदार होतो, उत्पादन वाढतं. पण चुंबकाला पूर्ण जोर देऊन झाला आणि तरीही मागणी भागली नाही, तर रेग्युलेटरच्या हातात काही उरत नाही. आता वाढवता येईल तो फक्त वेग. ॲक्सिलरेटर दाबल्यावर दिवे उजळतात ते यामुळे.

वेग आणि वीज यांचं नातं मात्र सरळ रेषेचं नाही. अल्टरनेटर मिनिटाला हजार-बाराशे फेऱ्यांपर्यंत जवळपास काहीच देत नाही. तिथून पुढे आलेख कड्यासारखा चढतो आणि चार-पाच हजारांनंतर सपाट होत जातो, कारण वेग वाढला की गुंडाळीचा स्वतःचा विरोधही वाढतो. पाटीवर छापलेला आकडा सहा हजार फेऱ्यांचा असतो. त्या वेळी इंजिन अडीच-तीन हजारांवर असतं, म्हणजे गाडी हमरस्त्यावर धावत असते.

घाटातल्या कच्च्या रस्त्यावर मात्र आपण फोर-व्हीलच्या लो गिअरमध्ये, इंजिन हजाराच्या आसपास ठेवून रांगत असतो. तिथे ४५ अँपिअरचा जुना अल्टरनेटर जेमतेम पंधरा-वीस देतो. म्हणून खरेदी करताना मोठ्या आकड्यामागे धावू नका. पुष्कळ अल्टरनेटरवर ‘१४ व्ही ५०/९० ए’ अशा धाटणीचे दोन आकडे असतात. दुसरा सहा हजार फेऱ्यांचा; पहिला पंधराशे-अठराशे फेऱ्यांचा, म्हणजे उभ्या गाडीचा. जीपवाल्याने पहिला आकडा वाचायचा. दुकानदार दुसरा वाचून दाखवतो. दोन वेगवेगळ्या बनावटींचे ९० अँपिअरचे अल्टरनेटर संथ वेगात अगदी वेगळे वागू शकतात. एक ५० देईल, दुसरा ३० वरच थांबेल. मोठा अल्टरनेटर लावूनही दिवे मंद राहण्याचं एक कारण इथे सापडतं.

दुसरं कारण पुलीत. इंजिनाची पुली १५० मिलिमीटरची आणि अल्टरनेटरची ७५ ची असेल तर इंजिनाच्या एका फेरीला अल्टरनेटर दोन फेऱ्या मारतो. ७५० च्या संथ वेगावर तो १५०० फेऱ्यांवर, म्हणजे नुकताच जागा झालेला. पुली ६० मिलिमीटरची केली तर गुणोत्तर अडीच होतं आणि अल्टरनेटर १८७५ वर जातो. आलेखाचा हाच भाग सर्वांत खडा असल्याने एवढ्याशा फरकाने उभ्या गाडीचे अँपिअर चांगलेच वाढतात, आणि खर्च एका पुलीचा.

डिझेलला हा उपाय सोसतो. इंजिन ४५०० फेऱ्यांपर्यंत गेलं तरी अल्टरनेटर ११,२५० वर राहतो. जिप्सीचं पेट्रोल इंजिन सहा हजारांवर पळवलंत तर तोच अल्टरनेटर १५,००० वर जातो, आणि जुन्या बनावटीच्या बेअरिंगला तो वेग झेपेलच असं नाही. पुली बदलण्याआधी हा गुणाकार कागदावर करून बघा.

आधी हिशेब, मग खरेदी

वॅटला १३.५ ने भागा, अँपिअर मिळतात. साधे हेडलाइट डिपरवर ५५ वॅटचे दोन, म्हणजे ८ अँपिअर. मागचे, पार्किंगचे, डॅशबोर्डचे दिवे मिळून ३. वायपर ४. आतला पंखा ७. बंपरवरचे १०० वॅटचे दोन हॅलोजन १५. फ्रीज ५. मोबाइल आणि बाकी किडूकमिडूक २. बेरीज ४४ अँपिअर.

संथ वेगावर अल्टरनेटर वीस देत असेल तर उरलेले २४ बॅटरीतून जातात. तासभर असं चाललं की ७० अँपिअर-तासांच्या बॅटरीचा तिसरा हिस्सा संपला. सकाळी जीप धक्क्याने सुरू करावी लागते ती अशी.

आता तीच यादी उलट बाजूने वाचा. १०० वॅटच्या दोन हॅलोजनऐवजी २० वॅटचे दोन बऱ्यापैकी एलईडी लावले तर १५ चे ३ अँपिअर होतात. अल्टरनेटरला हात न लावता १२ अँपिअर वाचले. माझ्या मते जुन्या जीपचं पहिलं ‘अपग्रेड’ हेच. मागणी घटवणं पुरवठा वाढवण्यापेक्षा स्वस्त पडतं, फक्त त्यात मिरवण्यासारखं काही नसतं.

विंचचं गणित निराळं. आठ-नऊ हजार पौंडांची विंच पूर्ण ताणाखाली ३५० अँपिअर किंवा त्याहूनही जास्त ओढते. जीपमध्ये मावणारा कुठलाही नेहमीचा अल्टरनेटर हे देऊ शकत नाही. ती वीज बॅटरीच देते. ‘विंच लावली, आता मोठा अल्टरनेटर हवा’ हे म्हणूनच अर्धंच खरं. एक मिनिट ओढलं की बॅटरीतून सुमारे ६ अँपिअर-तास जातात. अल्टरनेटरकडे ३० अँपिअर शिल्लक असतील तर ते भरून काढायला पंधराएक मिनिटं लागतात. विंचसाठी आधी धडधाकट बॅटरी हवी. अल्टरनेटरच्या आकारावर फक्त दोन ओढींमधली विश्रांती किती, हे ठरतं.

तांब्याची कंजुषी

पंप मोठा आणला पण पाइप अर्ध्या इंचाचाच ठेवला तर? अल्टरनेटर बदलणाऱ्या बहुतेकांचं इथेच चुकतं.

जुन्या जीपमध्ये अल्टरनेटरची वायर आधी डॅशबोर्डवरच्या अँपिअर मीटरपर्यंत जाते आणि तिथून फिरून बॅटरीकडे येते. हे अंतर सहज चार मीटर भरतं आणि वायर असते साधारण ३ चौरस मिलिमीटरची. तिच्यातून ५० अँपिअर नेले तर वाटेतच १.१ व्होल्टहून जास्त गळतात. अल्टरनेटरच्या तोंडाशी १४.२ आणि बॅटरीवर १३, असा प्रकार. हरवलेले ५५-६० वॅट उष्णता होऊन वायरीच्या आवरणात मुरतात. आवरण तीस वर्षांचं असेल तर पुढे काय होतं ते सांगायला नको. शिवाय सगळा प्रवाह पोटातून नेणारा तो अँपिअर मीटर ३०-४० अँपिअरच्या हिशेबाने बनवलेला असतो. ९० चा अल्टरनेटर जोडून तो तसाच ठेवणं म्हणजे डॅशबोर्डमागे शेगडी ठेवणं होय.

उपाय सरळ आहे. अल्टरनेटरच्या मुख्य बोल्टपासून बॅटरीच्या पॉझिटिव्हपर्यंत १६ किंवा २५ चौरस मिलिमीटरची, बारीक तारांची लवचीक केबल थेट टाकायची. दोन मीटर लांबीच्या १६ च्या केबलमध्ये ५० अँपिअरला जेमतेम ०.१ व्होल्ट पडतो. केबलच्या बॅटरीकडच्या टोकाला, वीतभर अंतराच्या आत, फ्यूज हवाच. ९० च्या अल्टरनेटरला १२५ अँपिअरचा चालतो. हा फ्यूज अल्टरनेटरसाठी नसतो. केबल कुठे पत्र्याला घासून सोलली गेली तर बॅटरी स्वतःची सगळी ताकद त्या जागी ओतेल. त्या आगीपासून तो वाचवतो. केबलच्या टोकाचं थिंबल पक्कडीने चेपून भागत नाही, क्रिंपिंगच्या हत्याराने दाबून घ्या. अँपिअर मीटर काढून त्या जागी व्होल्टमीटर बसवा. गाडीची तब्येत त्यावर जास्त चांगली कळते.

यातला निम्मा रस्ता सगळे विसरतात. वीज बॅटरीत परतते ती लोखंडातून. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं आणि रबरातून वीज जात नाही, म्हणून इंजिन ते चॅसी अशी अर्थची पट्टी असते. ती गंजलेली, किंवा रंगावरच बोल्ट आवळलेली असेल तर कितीही मोठा अल्टरनेटर व्यर्थ. पत्रा घासून चकचकीत करा, जाड अर्थ केबल इंजिनापासून थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर आणा, वर ग्रीस लावा. हेडलाइटना रिले लावून त्यांची वीज डॅशबोर्डच्या स्विचऐवजी बॅटरीकडून थेट द्या. बऱ्याच जीपचं दुखणं एवढ्यावरच बरं होतं आणि नव्या अल्टरनेटरचे पैसे वाचतात.

वीज फुकट नसते

अल्टरनेटर ९० अँपिअर देतो तेव्हा १४ व्होल्टच्या हिशेबाने १२६० वॅट बाहेर पडतात. त्याची कार्यक्षमता ५५-६० टक्के धरली तर इंजिनाकडून सव्वादोन किलोवॅट, म्हणजे तीन अश्वशक्ती घ्यावी लागते. ही सगळी ओढ एका व्ही-बेल्टवर येते, आणि पुष्कळ जुन्या इंजिनांत तोच बेल्ट पाण्याचा पंप आणि पंखाही फिरवतो. एकेरी व्ही-बेल्टकडून ७०-८० अँपिअरच्या पुढे फार अपेक्षा ठेवू नये. तो घसरतो, किंचाळतो, तापतो; आणि पाण्यातून गाडी काढल्यावर तर हमखास.

पुली लहान केली की बेल्टची मिठीही लहान होते. अल्टरनेटर जवळ किंवा दूर सरकवून बेल्टने पुलीचा जास्तीत जास्त घेर पकडावा असं बघावं लागतं. दुहेरी पुली मिळत असेल तर उत्तमच.

बसवताना अडतं कुठे

वातानुकूलित गाड्यांना मूळचाच मोठा अल्टरनेटर लागतो. त्यामुळे जीपवाले पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ला इथे असल्या गाड्यांचे अल्टरनेटर धुंडाळतात. तो घेताना सोबत जुना न्या. बोल्टच्या छिद्रांमधलं अंतर, पायाची रुंदी, फिरण्याची दिशा आणि मागे किती जागा लागते ते ताडून पाहता येतं. दोन्ही पुल्या एका रेषेत यायलाच हव्यात; दोन-तीन मिलिमीटरची तिरपाई असली तरी बेल्ट कडेने सोलत जातो. वॉशर घालून रेषा जुळवा. ब्रॅकेटचं काम मात्र जाड पट्टीचं करून घ्या, कारण कच्च्या रस्त्यावरचे हादरे सर्वांत आधी ब्रॅकेट तोडतात.

डिझेल गाडीत याहून गंभीर गोष्ट आधी बघायची. पेट्रोल इंजिन हवा आत ओढताना निर्वात तयार होतो आणि त्यावर ब्रेकचा बूस्टर चालतो. डिझेल इंजिनाला हवा अडवणारी झडप नसते, म्हणून निर्वातही मिळत नाही. त्यासाठी वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो, आणि आपल्याकडच्या अनेक डिझेल गाड्यांत तो अल्टरनेटरच्याच मागे, त्याच आसावर बसवलेला असतो. तुमचा अल्टरनेटर तसा असेल आणि तुम्ही पंप नसलेला बसवलात, तर दिवे लख्ख होतील आणि घाटात ब्रेक दगडासारखा लागेल. मागच्या बाजूला तेलाची आणि व्हॅक्यूमची नळी दिसली की नवाही पंपासकटच घ्यायचा. यात तडजोड नाही.

चार्जिंगच्या लाल दिव्याची गंमत फार थोड्यांना ठाऊक असते. रोटर हा विद्युतचुंबक, म्हणजे इंजिन सुरू होताना त्याला जागं करायला थोडी वीज बाहेरून द्यावी लागते. साध्या अल्टरनेटरमध्ये ती त्या लाल दिव्यातूनच जाते. दिवा जळला असेल, किंवा हौसेने त्याजागी एलईडी लावला असेल, तर पुरेशी वीज पोचत नाही. मग अल्टरनेटर झोपूनच राहतो आणि एकदा जोरात ॲक्सिलरेटर दिल्यावर चार्ज करू लागतो. नव्याकोऱ्या अल्टरनेटरला या कारणासाठी शिव्या खाव्या लागतात, आणि दोष असतो पाच-दहा रुपयांच्या बल्बचा. एलईडी हवाच असेल तर त्याला समांतर योग्य रेझिस्टर जोडून घ्या.

जुन्या ब्रिटिश गाड्या, विशेषतः सुरुवातीच्या लँडरोव्हर, बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक चॅसीला जोडून येत. अशा गाडीला आजचा अल्टरनेटर बसवायचा तर आधी सगळी वायरिंग निगेटिव्ह अर्थची करावी लागते. बॅटरी क्षणभर उलटी जोडली गेली तरी डायोड प्लेट जाते.

चौकट: साध्या मीटरने घरच्या घरी तपासणी

• रात्रभर उभी गाडी, इंजिन बंद: बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास. १२.२ म्हणजे बॅटरी जेमतेम अर्धी भरलेली.
• स्टार्टर मारताना: ९.६ च्या खाली जाऊ नये. गेलं तर बॅटरी किंवा तिची जोडणी कमजोर.
• इंजिन चालू, दिवे बंद: १३.८ ते १४.४.
• इंजिन संथ, सगळे दिवे-पंखे चालू: १३ च्या वर राहिलं तर उत्तम. साडेबारा किंवा खाली म्हणजे पुरवठा तोकडा.
• सगळं चालू ठेवून मीटरचं एक टोक अल्टरनेटरच्या बोल्टवर, दुसरं बॅटरीच्या पॉझिटिव्हवर: ०.३ हून जास्त दिसलं तर वायर बारीक किंवा जोड सैल.
• तसंच अल्टरनेटरचं कवच ते बॅटरीचं निगेटिव्ह: ०.२ हून जास्त म्हणजे अर्थ खराब.

टर्मिनल काढून बघू नका

‘इंजिन चालू ठेवून बॅटरीचं टर्मिनल काढा. गाडी बंद पडली नाही तर डायनमो चांगला.’ ही परीक्षा अजूनही सर्रास घेतली जाते. डायनमोच्या काळात ती खपून जाई. अल्टरनेटर बॅटरीत जोराने वीज भरत असताना ती अचानक तोडली, तर रेग्युलेटर सावरेपर्यंत व्होल्टेज क्षणार्धात ८०-१०० पर्यंत उसळू शकतं. डायोड आणि रेग्युलेटर त्यात जातात, आणि एमपीएफआय, म्हणजे इलेक्ट्रॉनिक इंधन-फवारणीची, जिप्सी असेल तर इंजिनाचा महागडा कंट्रोल युनिटही. मेकॅनिक कितीही जुना-जाणता असला तरी त्याला नम्रपणे थांबवा.

लिथियम बॅटरीच्या बाबतीतही सावध असा. शिसं-आम्लाची बॅटरी भरत आली की आपणहून कमी वीज घेते. लिथियम मात्र अखेरपर्यंत मिळेल तेवढी ओढत राहते. संथ वेगावर अल्टरनेटरचा स्वतःचा पंखाही हळू फिरत असतो, म्हणून पूर्ण भाराखाली तो तिथेच भाजून निघतो. मध्ये प्रवाहाला मर्यादा घालणारा डीसी-डीसी चार्जर न लावता अशी बॅटरी जोडू नये.

चिखल आणि पाणी हे अल्टरनेटरचे जुने शत्रू. हवा खेळावी म्हणून त्याचं कवच उघडंच ठेवलेलं असतं, त्यामुळे ओढ्यातला गाळ सरळ ब्रशपर्यंत पोचतो आणि कार्बन भराभर झिजतात. ब्रॅकेट नव्याने करणारच असाल तर अल्टरनेटर जमेल तितका वर घ्या. चिखलातून आल्यावर स्वच्छ पाण्याने हलक्या धारेने धुऊन इंजिन थोडा वेळ चालू ठेवा. प्रेशरचा फवारा थेट आत मारू नका, बेअरिंगमधलं ग्रीस धुऊन जातं.

आणि काम झाल्यावर एवढं करा. नवा बेल्ट पहिल्या शे-दोनशे किलोमीटरमध्ये थोडा सैल पडतोच, तेव्हा तो एकदा पुन्हा ताणून घ्या. मधोमध अंगठ्याने दाबला तर साधारण एक सेंटिमीटर दबावा, त्याहून जास्त नाही. पुली बदलली असेल तर बेल्टचं मापही बदललेलं असतं. नव्या मापाचा एक जादा बेल्ट आणि तो बदलायला लागणारे पाने सीटखाली ठेवून द्या.